एक दीडपट, एक निमपट

"रविवारी त्याचे आईबाबा आपल्याकडे येणार आहेत," लेक जेवताना म्हणाली, "आणि या वेळी बाबा, तुम्ही बोलायचं. आई, तू थांबायचं."

सोफेवाले 'बरं' म्हणणार होते. पण तोंडातला घास गिळून शब्द बाहेर येईपर्यंत बायकोनं मैदान मारलं होतं.

"म्हणजे मी काय मध्येमध्ये बोलते की काय? कुणी विचारलं तर सांगते आपली. आणि थांबायचं म्हणजे किती थांबायचं ते तरी सांग. मागच्या वेळी त्या बाईच विचारत होत्या की परत जायला गाडी—"

"त्या विचारत नव्हत्या, आई. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं. तू त्यांना चार गाड्या सांगितल्यास."

यात बायकोचा फारसा दोष नव्हता. बसस्थानकावरच्या चौकशी खिडकीत तिची उभी हयात गेली होती. तिथं समोरच्याचा प्रश्न पुरा होईपर्यंत थांबणं म्हणजे त्याची गाडी चुकवणं. माणूस रांगेत असतानाच त्याचा चेहरा आणि पिशवी बघून ती फलाट ठरवून ठेवायची, आणि त्यानं तोंड उघडलं की "तीन नंबर, सुटायच्या बेतात आहे, पळा!" म्हणून मोकळी व्हायची.

सोफेवाल्यांचं बरोबर उलटं. त्यांचं सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि सोफा हा उत्तराची अपेक्षा न करणारा प्राणी आहे. दिवसभर त्याच्या पोटात हात घालून बसलं तरी तो 'काय म्हणता?' असं विचारत नाही. त्यामुळे घरात सुरुवातीपासून वाटणी ठरलेली होती. बोलण्याचं खातं तिच्याकडे, ऐकण्याचं यांच्याकडे. इतक्या वर्षांत कुणाचीच तक्रार नव्हती.

तक्रार आली ती मुलाच्या आईबापांकडून. लेकीनं स्वतःच पसंत केलेला मुलगा होता. दोन्ही घरच्यांची ओळख व्हावी म्हणून सगळे एका हॉटेलात भेटले. मुलाचे वडील जमिनीची मोजणी करणारे. त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, "मग? आमचा मुलगा कसा वाटला?"

सोफेवाल्यांना मुलगा फार आवडला होता. इतका, की 'चांगला आहे' एवढ्यावर भागवणं त्यांना बरं वाटेना. ते नीटसं उत्तर शोधत राहिले. तेवढ्यात बायकोनं हवा, रस्ते आणि परतीच्या गाड्या यांविषयी सगळी माहिती दिली. सोफेवाल्यांचं उत्तर तयार झालं तेव्हा सगळे हॉटेलच्या पायऱ्या उतरत होते. मुलाची आई इस्पितळात सिस्टर, एक अख्खा वॉर्ड सांभाळणारी. घरी गेल्यावर ती म्हणाली, "त्यांच्या मनात नाही दिसत. बाप तोंड उघडत नाही, आई विषय बदलते. जिथं आपण नको आहोत तिथं सोयरीक कशाला करायची?" मुलानं हे लेकीला सांगितलं, आणि त्या रात्री लेक न जेवता झोपली.

म्हणून हा रविवार. हाही फसला तर पुन्हा भेटायला ते येणार नव्हते.

"मी तुम्हाला दोघांना एक पॉडकास्ट देते," लेक म्हणाली. "'बसा की जरा' म्हणून आहे. एक ताई आणि एक दादा असतात, रोज कुणाला तरी बोलावून गप्पा मारतात. ते काय बोलतात ते सोडून द्या. कसं बोलतात ते बघा. एक बोलत असतो तेव्हा दुसरा काय करतो, कधी हसतो, कधी विचारतो. नुसतं ऐकून ऐकून येतं ते. मला ऑफिसात कुणाशी बोलायला जमत नव्हतं, तेव्हा मी यांच्याकडूनच शिकले."

तिनं आपला जुना फोन बाबांना दिला, आईच्या फोनवर तेच पॉडकास्ट चढवून दिलं, आणि ती ऑफिसच्या कामाला लागली. इथंच घोळ झाला.

लेकीला सकाळी प्रवासात वेळ कमी मिळायचा, म्हणून तिनं त्या जुन्या फोनवर ऐकण्याचा वेग दीडपट करून ठेवला होता. हे ती विसरून गेली होती. सोफेवाल्यांना तर आवाजाला वेग असतो हेच ठाऊक नव्हतं. दुकानात बसून त्यांनी कानात यंत्र घातलं आणि ते हबकलेच. ताई आणि दादा नुसते सुटले होते! याचं वाक्य संपतंय न संपतंय तोवर तिचं सुरू. पाहुण्यानं विनोद केला की तो संपायच्या आत हशा. आणि दर दोन वाक्यांनी दादा म्हणायचा, "कमाल!" सोफेवाल्यांनी काथ्या पिंजता पिंजता मनाशी खूणगाठ बांधली. जगात बोलायचं म्हणजे असं. श्वास घेतला की संपलं.

बायकोची दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची. फोनवर तिला एका कोपऱ्यात 'अर्धा' असं दिसलं. अर्ध्या तासात भाग बसवून देण्याची सोय असणार, असं समजून तिनं ते दाबलं. त्यानं वेग निम्मा झाला. ताई आणि दादा एकेक शब्द जड पिशवीसारखा उचलून ठेवू लागले. पाहुण्याची ओळख संपायच्या आत तिची सुट्टी संपायची, त्यामुळे कुठलाच भाग तिचा निम्माही ऐकून झाला नाही. पण जेवढं ऐकलं तेवढ्यानं ती भारावून गेली.

"किती शांत माणसं आहेत हो!" ती त्या संध्याकाळी म्हणाली. "एकाचं बोलून झालं की दुसरा नुसता थांबतो."

"थांबतो?" सोफेवाले म्हणाले. "छे! जीव घेतात एकमेकांचा!"

"तुमचं लक्ष नसेल."

"माझं? तुझं नसेल!"

सोफेवाल्यांनी बायकोला उलट उत्तर दिलं होतं, तेही हातोहात. दोघंही क्षणभर चकित झाले. पॉडकास्टचा गुण येतोय असं दोघांनाही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सोफेवाले गिऱ्हाइकांवर सराव करू लागले. एक गृहस्थ खुर्ची घेऊन आले.

"हिचं कापड चांगलं आहे, फक्त एक—"

"पाय डुगडुगतोय! कमाल!"

"पाय नाही हो, पाठीचा—"

"पाठीचा कणा! तुमचा दुखतो की खुर्चीचा? हा हा हा!"

"मी नंतर येतो," गृहस्थ म्हणाले आणि खुर्ची डोक्यावर घेऊन गेले.

सोफेवाल्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांना गंमतच वाटली. आपल्या आत इतके शब्द पडून होते हे त्यांना माहीतच नव्हतं. रस्त्यानं जाताना ते आता भाजीवाल्याला, दूधवाल्याला, एकदा तर टपालपेटी रंगवणाऱ्यालाही हटकू लागले. घरी येईपर्यंत घसा बसलेला असायचा आणि मन तरतरीत.

शुक्रवारी बायको चष्मा घरी विसरली म्हणून तो द्यायला ते बसस्थानकावर गेले. चौकशी खिडकीपासून निघालेली रांग दाराबाहेर गेली होती. खिडकीपुढे बोचकं घेतलेला एक माणूस घामाघूम होऊन उभा होता.

"बाई, साडेचारची गाडी गेली का हो?"

बायकोनं त्याच्याकडे मायेनं पाहिलं. थोडं थांबली. मग म्हणाली, "साडेचारची... गाडी..."

"हो, हो. गेली का?"

"तुम्हाला... काय वाटतं?"

"मला वाटतं गेली असेल!"

"असं... का... वाटतं?"

"कारण पाच वाजलेत, बाई!" माणूस रडकुंडीला आला होता.

"आणि ते कळलं... तेव्हा मनात... काय आलं?"

मागे लोक ओरडत होते. पण त्या माणसाच्या मागे उभ्या असलेल्या एक म्हातारबाई खिडकीशी आल्या, बायकोनं त्यांना तसंच विचारलं, आणि म्हातारबाईंनी खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकून सुनेपासून सुरुवात केली. त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत दोन गाड्या जाऊ दिल्या. शेवटी स्थानकप्रमुख आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही दमलाय. सोमवारपर्यंत घरी विश्रांती घ्या."

"बघितलंत?" वाटेत बायको म्हणाली. "साहेबसुद्धा... किती... प्रेमानं बोलले."

"कमाल!" सोफेवाले म्हणाले. हा सगळा आठवडा लेकीला ऑफिसातून यायला उशीर होत होता. आली की ती विचारायची, "ऐकताय ना दोघंही?" दोघंही मान हलवायचे, आणि ती निश्चिंत झोपायची.

रविवारी पाहुणे आले. सोफेवाले घंटा वाजेपर्यंत उजळणी करत होते. घाईघाईनं त्यांनी कानातलं यंत्र काढून वायरसकट खिशात कोंबलं आणि दार उघडलं.

"या या या! सापडलं ना घर? सापडणारच! बसा! उभे का? बसा!"

मोजणीवाले बसले, आणि दिसेनासे झाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावाचे सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या घरातल्या सोफ्याची मधली स्प्रिंग कधीच गेलेली होती. घरच्यांना सवयीनं कडेला बसायचं कळत होतं. मोजणीवाल्यांचे गुडघे हनुवटीला लागले. पण माणूस सभ्य, काही बोलला नाही. सिस्टर कडेच्या खुर्चीत ताठ बसल्या, मुलगा दाराशी, आणि लेक चहा आणायला आत गेली.

"छान आहे घर," मोजणीवाले खालून सावकाश म्हणाले. "मी लहान होतो तेव्हा आमच्या घरामागे—"

"विहीर होती!"

"नाही, एक मोठी—"

"चिंच! आणि तुम्ही तिच्यावरून पडलात! हा हा हा! कमाल!"

"भिंत होती," मोजणीवाले म्हणाले आणि गप्प झाले. त्या भिंतीचं पुढं काय झालं ते अजून कुणाला कळलेलं नाही.

इकडे सिस्टर बायकोकडे बघत होत्या. बायको त्यांच्याकडे बघून हसत होती आणि थांबली होती. समोरचं माणूस असं थांबलं की भल्याभल्यांना बोलावंसं वाटतं. सिस्टरांचंही तसंच झालं.

"खरं सांगू का ताई," त्या म्हणाल्या, "आम्ही आज यायचं की नाही असंच आमचं चाललं होतं. मागच्या वेळी आम्हाला वाटलं, तुम्हाला आमचा मुलगा पसंत नाही."

लेक चहाचा ट्रे घेऊन दारात खिळली.

बायकोला खरं म्हणजे 'छे हो, भलतंच काय!' असं ओरडायचं होतं. पण तिनं जीभ आवरली. पॉडकास्टमधली ताई अशा वेळी काय करते? शेवटचे शब्द परत म्हणते आणि थांबते.

"मुलगा... पसंत... नाही..." बायको म्हणाली, आणि थांबली.

ही शांतता वाढू द्यायची नाही, एवढंच सोफेवाल्यांना कळलं. ते धावून गेले.

"कमाल!" ते म्हणाले, आणि हसले.

मुलाचा चेहरा पडला. मोजणीवाल्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण सोफा सोडेना. सोफेवाल्यांना कळून चुकलं की काहीतरी भयंकर झालंय. ते दुरुस्त करायला त्यांनी अजून जोरात बोलायला सुरुवात केली. "म्हणजे तसं नाही, असं आहे की नाही असं नाही, मुलगा म्हणजे मुलगा, काय मुलगा आहे, पुढे बोला, चहा घ्या, बिस्किट घ्या—"

आणि मग सिस्टरांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू बदलल्या. रागाच्या होत्या, त्या कामाच्या झाल्या. त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि बायकोच्या समोर येऊन उकिडव्या बसल्या.

"ताई, जरा हसून दाखवा मला."

बायको हसली. पाहुणीनं हस म्हटलं तर हसायचं.

"दोन्ही हात वर करा. असे. आता एक वाक्य बोला, कुठलंही."

"मला... तुम्ही... फार... आवडलात," बायको हात वर करून म्हणाली.

"मागच्या वेळी या किती फटाफट बोलत होत्या," सिस्टर वळून लेकीला म्हणाल्या. "हे अडखळणं कधीपासून आहे? आणि बाबांचं?" असं म्हणत त्यांनी सोफेवाल्यांचं मनगट पकडलं. "बाप रे, नाडी तर घोड्यासारखी पळतेय! तेव्हा तोंडातून शब्द निघत नव्हता, आता थांबत नाहीत. मेंदूचा झटका म्हणावा, तर एकाच घरात दोघांनाही? काही विषारी खाण्यात आलं का? गाडी काढ रे, दोघांनाही घेऊन जायचंय. अहो, तुम्ही उठा आधी!"

मुलगा धावला. आधी त्यानं बापाला सोफ्यातून उपसलं, मग दोघांनी मिळून सोफेवाल्यांना दोन्ही बाजूंनी धरलं. सोफेवाले "नाही हो मला काही नाही मी ठणठणीत आहे कमाल आहे" असं एका दमात म्हणत होते आणि त्यामुळे सिस्टरांची खात्रीच पटत होती. या ओढाताणीत खिशातली वायर फोनमधून निसटली, आणि खोलीत खारी भांडाव्यात तसे दोन आवाज घुमू लागले.

फोन बंद करायचाच राहून गेला होता. सगळे ऐकत राहिले. ताई आणि दादा धापा टाकत पाहुण्याला बालपणाविषयी विचारत होते. दादा म्हणाला, "कमाल!"

लेकीनं ट्रे खाली ठेवला, बाबांच्या खिशातून फोन काढला आणि पडद्यावर पाहिलं. मग तिनं आईचा फोन घेऊन लावला. "न... म... स्का... र..." अशी हाक आली, जशी कुणी विहिरीच्या तळातून घालावी.

"आई," मुलगा दोन्ही पडद्यांवर डोकावून सिस्टरांना म्हणाला, "आजारी कुणीच नाही. हे दोघं पॉडकास्ट ऐकून बोलायला शिकलेत. काकांचा वेग दीडपट आहे. काकूंचा निम्मा."

"म्हणजे ती ताई आणि तो दादा असं बोलत नाहीत?" बायकोनं विचारलं.

"कुणीच असं बोलत नाही, आई," लेक म्हणाली, आणि तिला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाही कळलं नसावं. "माझंच चुकलं. तुम्ही नेहमीसारखेच बोला. काय व्हायचं ते होऊ दे."

नेहमीसारखं म्हणजे सोफेवाले गप्पच बसले असते. मुलगा अजून त्यांचा दंड धरून होता. त्या हाताकडे ते बराच वेळ बघत राहिले. कुणी मध्ये बोललं नाही. बायकोसुद्धा नाही, आणि या वेळी ती काही शिकल्यामुळे थांबलेली नव्हती.

"मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, मुलगा कसा वाटला," ते मोजणीवाल्यांना म्हणाले. "आम्हाला तो पहिल्या भेटीतच आवडला. फार आवडला. चांगलं उत्तर शोधत होतो, तोवर तुम्ही निघालात. अजून सापडलेलं नाही. पण आवडलाय."

मोजणीवाल्यांनी मान हलवली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. सिस्टरांनी पदरानं डोळे टिपले आणि मग पुन्हा एकदा सवयीनं सोफेवाल्यांची नाडी पाहिली.

"आली ठिकाणावर," त्या म्हणाल्या.

तिथून पुढे बायकोला आवरणं कुणाच्या हातात नव्हतं. अख्ख्या आठवड्याचं तुंबलेलं बोलणं होतं ते. "अहो मी तर त्याच दिवशी म्हणाले होते यांना की मुलगा म्हणजे मुलगा, आणि भलतंच काय हो पसंत नाही म्हणे, हात वर करायला लावलेत तेव्हा मला वाटलं तुमच्यात बघण्याची अशीच पद्धत असेल—" सिस्टरही काही कमी नव्हत्या. वॉर्डात तीस खाटांना ऐकू जाईल असं बोलायची त्यांना सवय. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, दोघींनाही एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं, आणि हे कसं होतं ते कुठलंही पॉडकास्ट शिकवू शकत नाही.

पुरुषांना खोलीत जागा उरली नाही. मोजणीवाल्यांनी सोफ्याकडे पाहिलं, मग सोफेवाल्यांकडे. सोफेवाल्यांनी हत्यारांची पेटी आणली. दोघांनी मिळून सोफा गॅलरीत नेला आणि उलटा केला. या धंद्यात हात मोकळे राहावेत म्हणून बारीक खिळे ओठांत धरायची रीत असते. सोफेवाल्यांनी आपल्या ओठांत मूठभर खिळे धरले. मोजणीवाल्यांनी क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. त्यांनाही मूठभर मिळाले. मग एकानं पट्टी ताणून धरायची आणि दुसऱ्यानं ठोकायचं, असं ऊन उतरेपर्यंत चाललं.

पाहुणे गेले ते पुढच्या रविवारी आपल्या घरी जेवायला यायचं पक्कं करूनच. तिन्हीसांजेला मुलाचा फोन आला. लेक बराच वेळ हसत ऐकत होती. मग फोनवर हात ठेवून ती म्हणाली, "बाबा, त्याचे बाबा गाडीत काय म्हणाले माहितीये? म्हणाले, इतक्या मनमोकळ्या गप्पा मी कित्येक वर्षांत कुणाशी मारल्या नव्हत्या."

"अगंबाई!" बायको म्हणाली. "कशाकशावर बोलत होतात हो एवढं?" आणि उत्तराची वाट बघत थांबली.

सोफेवाल्यांनी बराच विचार केला.

"सगळ्यावरच," ते म्हणाले.